टोचण्याआधी विचारा, पण विचारा तरी!

(बोर्ली पंचतन येथे भरलेल्या महिला आरोग्य मेळाव्यात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)

बायांनो, बहिणींनो, आणि मागे दाराशी उभ्या राहिलेल्या पोरींनो, तुम्हीही आत या. जागा आहे. आजचं बोलणं लपूनछपून ऐकायचं नाही.

सुरुवात मी माझ्याच चुकीने करते. निसर्ग वादळानंतरच्या वर्षीची गोष्ट. जून २०२० मध्ये आपल्या नारळी-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, हाताशी पैसा नाही, बायका अंगावर दुखणी काढतायत, म्हणून आम्ही याच किनाऱ्यावरच्या एका गावात तपासणी शिबिर घेतलं. नावं लिहायला मी बसले होते. रांगेत एकजण उभी होती. साडी, हातात बांगड्या, डोक्यावर पदर. बाजारात पैसे मागायला येते म्हणून तोंडओळखीची. तिचा नंबर आला आणि मी पेन खाली ठेवून म्हटलं, "अगं, हे शिबिर बायकांचं आहे."

ती भांडली नाही. टाळीसुद्धा वाजवली नाही. "बरं ताई," म्हणाली आणि गेली. मागच्या बायका हसल्या. मीही जरा हसले असेन. खोटं कशाला बोलू?

पुढे काही महिन्यांनी ती एसटीत शेजारी बसली. मी ओळख दाखवली नसती, तिनेच दाखवली. सांगायला लागली, त्या दिवशी तिला खाली जखम झाली होती. दुखत नव्हती, पण बरीही होत नव्हती. त्याआधी ती एका मोठ्या दवाखान्यात गेली होती. तिथे केसपेपरच्या खिडकीवर "पुरुष लिहू की बाई?" असं मोठ्याने विचारलं, रांग हसली, ती परत आली. मग मेडिकलवाल्याकडून गोळ्या आणि मलम. मग आमचं शिबिर. शेवटी म्हणाली, "ताई, नाव लिहायच्या आधीच तुम्ही मला खोडलंत."

तेव्हापासून या विषयाने माझी पाठ सोडलेली नाही. म्हणून आज आयोजकांनी "महिलांच्या आरोग्यावर बोला" म्हटल्यावर मी तृतीयपंथी बायकांना होणाऱ्या लैंगिक आजारांवर आणि लसींवर बोलायचं ठरवलं. कुणी तृतीयपंथी म्हणतं, कुणी पारलिंगी, कुणी हिजडा हाच आमचा मानाचा शब्द असं सांगतं. मी ज्या त्या बाईला विचारते आणि ती सांगेल तो शब्द वापरते.

आपलंही असंच होतं

तुमच्यातल्या काहीजणी मनात म्हणत असतील, त्यांचं आणि आपलं काय नातं? तर जरा मागे जाऊ या.

१९८९ साली डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ६५० बायकांची तपासणी झाली. त्यातल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते. आणि आयुष्यात आधी कधी अशी तपासणी झालेल्या किती? आठ टक्के! अंगावर पांढरं जातंय, ओटीपोट दुखतंय, संबंधाच्या वेळी आग होतेय, आणि बाई शेतावर चालली आहे. का सांगत नव्हत्या? कारण कुणी विचारत नव्हतं. सरकारला बाईची दोनच कामं ठाऊक होती, बाळंतपण आणि ऑपरेशन. त्या पलीकडे बाईला शरीर असतं हे कुणाच्या गावी नव्हतं.

तेव्हा आपण म्हणालो, आमचं दुखणं आमची लाज नाही. गुप्तरोग हा शब्दच आपण टाकून द्यायला शिकलो, कारण रोग गुप्त ठेवला की तो वाढतो. आज तृतीयपंथी बाई नेमकी तिथेच उभी आहे, जिथे चाळीस वर्षांपूर्वी आपण होतो. फरक इतकाच की आपल्याला निदान बायकांच्या रांगेत उभं राहू देत होते.

आजार कोणते

आता सरळ बोलू. लैंगिक संबंधातून होणाऱ्या संसर्गांचे आपल्या कामापुरते दोन भाग करू.

पहिला भाग औषधाने पूर्ण बरे होणाऱ्यांचा. गरमी म्हणजे सिफिलीस, परमा, क्लॅमिडिया. गरमीची पहिली जखम बहुधा दुखत नाही, आपोआप भरून येते, आणि बाईला वाटतं बरं झालं. बरं झालेलं नसतं. रोग रक्तात जातो, पुढे अंगावर पुरळ, आणि वर्षानुवर्षं उपचार नाही झाले तर मेंदू आणि हृदयापर्यंत. पण वेळेत कळलं तर पेनिसिलीनचं एक इंजेक्शन पुरतं. जुनी असेल तर आठवड्याच्या अंतराने तीन. इतकी साधी गोष्ट!

दुसरा भाग विषाणूंचा. एचआयव्ही, जननांगांवरची हर्पिस, कावीळ ब आणि एचपीव्ही. यात औषधाने आजार आटोक्यात राहतो, पण मुळासकट जाईलच असं नाही. मात्र यातल्या दोघांवर, कावीळ ब आणि एचपीव्हीवर, लस आहे. लागण होण्याआधी घेतली तर.

आणखी एक गोष्ट, जी डॉक्टरही विचारायला लाजतात. संसर्ग फक्त पुढच्या जागेला होत नाही. शौचाच्या जागेला होतो, घशात होतो. तिथे परमा किंवा क्लॅमिडिया झाला तर कित्येकदा काहीच जाणवत नाही. डॉक्टरने विचारलं नाही, बाईने सांगितलं नाही, तर तो तसाच राहतो. सरकारी दवाखान्यांत लक्षणांप्रमाणे द्यायची रंगीत पाकिटं असतात. त्यातलं राखाडी पाकीट शौचाच्या जागेतून स्राव जात असेल तर त्यासाठीही आहे. म्हणजे औषध कपाटात आहे, अडलंय ते तोंडातल्या प्रश्नापाशी.

त्यांच्यातच जास्त का?

आकडा सांगते, पण आकड्याने बोट दाखवायचं नाही, ही अट. २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत तपासलेल्या हिजडा आणि पारलिंगी व्यक्तींमध्ये एचआयव्हीचं प्रमाण ३.७८ टक्के निघालं. त्याच वर्षी देशातल्या एकूण प्रौढांमधलं अंदाजित प्रमाण होतं ०.२१ टक्के. अठरा पट.

का? "त्यांचं वागणंच तसं" असं उत्तर लगेच जिभेवर येतं. थांबा. चौदा-पंधराव्या वर्षी घरातून हाकललेलं पोर शाळा सोडतं. नोकरी कुणी देत नाही, भाड्याने खोली देत नाही. उरतं काय? मागणं, नाचणं आणि धंदा. धंद्यात गिऱ्हाईक म्हणतं निरोध नको, जास्त पैसे देतो. पोलिसाला पिशवीत निरोध सापडला तर तोच तिच्याविरुद्ध पुरावा होतो, म्हणून ती जवळ बाळगायलाच भिते. तिला कुणी हेही सांगत नाही की खोबरेल तेल लावलं तर निरोध फाटतो, पाण्याच्या वंगणाची ट्यूब वेगळी मिळते. आपल्याकडे घराघरात खोबरेल, तेच हाताशी येतं.

शरीर बाईसारखं व्हावं म्हणून डॉक्टर भेटत नाही, तेव्हा काहीजणी संततिनियमनाच्या गोळ्या मनाने खातात, हार्मोनची इंजेक्शनं एकमेकींना टोचतात. सुई एक, बाया चार. लिंग काढण्याचा निर्वाण विधी पूर्वी दाईच्या हातून, घरच्या घरी व्हायचा. रक्तातून जाणारी कावीळ आणि एचआयव्ही यांना याहून मोठं दार कुठलं?

बायांनो, हे वागण्याचे रोग नाहीत, हाकलण्याचे आहेत.

आणि दुसरं एक बोलणं मी आपल्याच संघटनांत ऐकलंय. "त्यांच्यावर उपचार केले पाहिजेत, कारण त्यांच्याकडे जाणारे पुरुष घरी आपल्याकडे येतात." हे खरं आहे. चाकरमान्यांच्या बायकांनी हे भोगलेलं आहे. तरी मला हे कारण मान्य नाही. एकेकाळी वेश्याव्यवसायातल्या बायकांबद्दल सरकार हेच बोलत होतं, समाजाला रोग लागू नये म्हणून त्यांची तपासणी करा. तेव्हा आपणच विचारलं होतं, ती बाई माणूस नाही का, तिला रोग झाला तर तिचं काय? तो प्रश्न आज आपल्याला लागू आहे. तिला उपचार हवेत ते ती आजारी आहे म्हणून. दुसरं कारण लागत नाही.

दोन लसी

आता लसींचं. कावीळ ब रक्तातून, संबंधातून, आईकडून बाळाला जाते. एचआयव्हीपेक्षा कितीतरी सहज पसरते. काहींच्या अंगात ती कायमची मुक्काम करते, आणि वीस-तीस वर्षांनी यकृत आक्रसतं किंवा यकृताचा कर्करोग होतो. लस साधी आहे. आज एक, महिन्याने दुसरी, सहाव्या महिन्याला तिसरी. आपल्याकडे बाळांना ही लस २००२-०३ साली काही शहरांत आणि जिल्ह्यांत मिळू लागली, देशभर पोचायला २०११ उजाडलं. म्हणजे आज पंचविशी-तिशीत असलेल्या बहुतेकींना लहानपणी मिळालेलीच नाही. २०१८ साली कावीळ नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, त्यात जास्त धोक्यातल्या गटांना ही लस द्यावी असं लिहिलेलं आहे. लिहिलेलं आहे. किती तृतीयपंथी बायकांना कुणी बोलावून सांगितलं?

दुसरी एचपीव्हीची लस. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने केलेल्या लसीला २०२२ साली परवानगी मिळाली, २०२३ मध्ये ती बाजारात आली. खासगीत एका डोसाला सुमारे दोन हजार रुपये. आपण तिला काय म्हणतो? गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस. सरकारचा सल्लागार गट २०२२ साली बोलला तो ९ ते १४ वर्षांच्या मुलींबद्दल. २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पाच्या भाषणात उल्लेख आला तोही मुलींचाच. मुलींना मिळालीच पाहिजे, त्यात वाद नाही. पण नावातच गर्भाशय आल्यावर ज्या बाईला गर्भाशय नाही ती आपोआप यादीबाहेर जाते. विषाणू मात्र यादी बघत नाही. त्याच एचपीव्हीने गुदद्वाराचा, लिंगाचा, घशाचा कर्करोग होतो, जननांगांवर चामखिळी येतात, आणि सोबत एचआयव्ही असेल तर धोका आणखी वाढतो. निरोध इथे पूर्ण वाचवत नाही, कारण हा कातडीला कातडी लागून पसरतो. त्या पुण्याच्या लसीला ९ ते २६ वयाच्या मुलगे-मुली दोघांसाठी परवानगी आहे. म्हणजे कागद आडवा येत नाही. पैसा आडवा येतो आणि कुणी न सांगणं आडवं येतं.

हेही सांगते, कारण अर्धवट सांगणं हीसुद्धा फसवणूक असते. ही लस आधीच झालेली लागण बरी करत नाही. लहान वयात, संबंध सुरू होण्याआधी सगळ्यात उपयोगी, नंतर उपयोग कमी होत जातो. चाळिशीतल्या बाईला "घे गं, कर्करोग होणार नाही" असं सांगून दोन-दोन हजार खर्चायला लावणं हा अन्याय आहे.

आपला जुना लढा

इथे जुन्या कार्यकर्त्या माझ्याकडे जरा रोखून बघतायत. बरोबर आहे. आपण सुईवर सहजासहजी विश्वास ठेवणाऱ्या बाया नाही.

१९८५ साली हैदराबादजवळ पटांचेरूला नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनचं शिबिर झालं. ही चाचणी आहे हे बायकांना सांगितलंच नव्हतं. स्त्री संघटना १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २००९ साली याच एचपीव्हीच्या लशीचा प्रकल्प खम्मम आणि वडोदऱ्याला झाला. वसतिगृहातल्या आदिवासी मुली, आणि संमतीच्या कागदावर सह्या कुणाच्या? वॉर्डनच्या, मुख्याध्यापकांच्या. सात मुलींचे मृत्यू झाले. ते लसीने झाल्याचं सरकारी चौकशीत सिद्ध झालं नाही, पण संमतीचा पार बोजवारा उडालेला दिसला. २०१० मध्ये प्रकल्प थांबवावा लागला, आणि २०१३ साली संसदेच्या समितीने कडक ताशेरे ओढले.

तेव्हा आपण लसीच्या विरुद्ध होतो का? काहींना तसं वाटलं. माझं मत असं की लस ही एक गोष्ट आणि लस देण्याची रीत ही दुसरी. लसीबद्दलचा पुरावा आज जगभर भक्कम आहे. रीत मात्र अजून तपासत राहायला हवी. आपण म्हणत होतो, टोचण्याआधी विचारा. तृतीयपंथी बायकांची तक्रार उलटी वाटते, "आम्हाला कुणी टोचायलाही विचारत नाही." पण नीट ऐका, दोन्ही तक्रारी एकच आहेत. न विचारता टोचणं आणि न विचारता वगळणं, दोन्हीत बाईच्या शरीराचा निर्णय दुसराच कुणी घेतो.

हक्क कागदावर, दार कुठे?

कायदे नाहीत असं नाही. १५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने नालसा निकालात तृतीयपंथीयांचे मूलभूत हक्क मान्य केले, दवाखान्यांत वैद्यकीय सोय करा असंही सरकारांना सांगितलं. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने संमतीशिवाय तपासणी नाही, निकाल फोडायचा नाही, भेदभाव करायचा नाही असं बजावलं. २०१९ साली संसदेने केलेल्या कायद्याच्या १५ व्या कलमात आरोग्यसेवेच्या जबाबदाऱ्या सरकारवर घातल्या.

आणि दार? २०२३ साली मुंबईच्या गोकुळदास तेजपाल रुग्णालयात तृतीयपंथीयांसाठी ३० खाटांचा वॉर्ड सुरू झाला. चांगली गोष्ट. पण इथून मुंबई किती लांब ते तुम्हाला सांगायला नको. त्याआधी २०२१ साली हैदराबादला, आणि पुढे कल्याण आणि पुण्याला मित्र क्लिनिक नावाने पारलिंगींचे दवाखाने निघाले. तिथे काम करणाऱ्याही त्याच समाजातल्या होत्या, त्यामुळे "पुरुष लिहू की बाई?" हा प्रश्न नव्हता. बाया निर्धास्त जायच्या. पैसा अमेरिकन सरकारचा होता. २०२५ च्या सुरुवातीला तिकडून मदत थांबली आणि तिन्ही दवाखान्यांची दारं लागली. सहा महिन्यांचं लसीचं वेळापत्रक असतं हो! मधेच दार लागलं तर तिसऱ्या सुईला जायचं कुठे?

म्हणून माझा आग्रह आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी आणि श्रीवर्धन-माणगावच्या सरकारी रुग्णालयांसाठी आहे. परदेशी पैसा येईल आणि जाईल. आपलं केंद्र जागेवर राहणार आहे. तिथली खिडकी माणसात आणणं हे आपलं काम आहे.

करायचं काय?

एक. आपल्या शिबिराच्या वहीत ती सांगेल ते नाव, ती सांगेल तसं लिहायचं. मोठ्याने विचारायचं नाही.

दोन. सोबत जायचं. नवऱ्याने मारलं की आपण चौकीत सोबत जातो, तसंच.

तीन. वैद्यकीय अधिकाऱ्यांना शिष्टमंडळाने भेटायचं. प्रौढांसाठी कावीळ बची लस आहे का? नसेल तर अलिबागच्या जिल्हा रुग्णालयातून मागवाल का? लेखी विचारायचं, लेखी उत्तर घ्यायचं.

चार. लैंगिक आजारांचे सरकारी सुरक्षा क्लिनिक आणि एचआयव्हीचं समुपदेशन केंद्र आपल्याला सगळ्यात जवळ कुठे पडतं, कुठल्या वारी चालतं, हे आशाताईंनी फळ्यावर लावायचं. १०९७ हा फुकट फोनचा नंबरही. मोहल्ल्यातल्या आपा, तुमच्याकडे उर्दूतही लावा.

पाच. एचपीव्हीची लस सरकारने फुकट द्यायची तर धोक्यातल्या सगळ्यांना द्या, मुलींबरोबर यांनाही, ही मागणी आपल्या ठरावात घाला. आणि त्याच ठरावात लिहा, पूर्ण माहिती आणि संमती घेतल्याशिवाय कुणालाही नाही.

आता त्या एसटीतल्या बाईचं सांगून थांबते. मी तिच्यासोबत गेले. रक्त तपासलं. गरमी निघाली. जखम भरून गेली होती, रोग होता. तीन आठवडे तीन इंजेक्शनं झाली. एचआयव्ही नव्हता, कावीळ नव्हती. कावीळ बची लस सुरू केली. पहिली झाली, दुसरी झाली, मग ती गुरूकडे मुंबईला गेली. मी म्हटलं, संपलं. आठ-नऊ महिन्यांनी फोन, "ताई, तिसरी सुई राहिलीय. आता पहिल्यापासून घ्यावी लागेल का?" मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, नाही, राहिलेली तेवढी द्यायची, पहिल्यापासून सुरू करायला लागत नाही. तिने घेतली.

मग मी तिला म्हटलं, मेळाव्याला ये, बोल. म्हणाली, "मी आले तर बाया उठून जातील." मी म्हटलं, आधी मी जाऊन बोलते, बघते कोण उठतंय ते.

आज कुणी उठलेलं नाही. पुढच्या मेळाव्यात या जागेवर ती उभी राहील. वहीत तिचं नाव मीच लिहीन, ती सांगेल तसं.